अरण्याची अनुज्ञा

२०११ च्या जुलै महिन्यात, कोस्टा रिकाची राजधानी सान होसे येथे, आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापुढे इक्वेडोरच्या अरण्यातील सारायाकू या गावचे वृद्ध याचाक सबिनो ग्वालिंगा साक्षीसाठी उभे राहिले. याचाक म्हणजे वैद्य, द्रष्टा आणि पुरोहित अशा तिन्ही नात्यांनी गावाशी बांधलेला पुरुष. तेलकंपनीने आपल्या भूमीत काय केले, हे सांगताना त्यांनी जमिनीच्या पोटातील एका जगाचे वर्णन केले. तेथेही इथल्यासारखीच माणसे राहतात, सुंदर गावे आहेत, वृक्ष, तळी आणि डोंगर आहेत; अरण्याला धरून ठेवणारे त्याचे स्वामी तेथे नांदतात; आणि सुरुंगांच्या स्फोटांनी त्या स्वामींपैकी काही मेले, काही पळून लपले, असा त्यांच्या जबानीचा आशय होता.

या जबानीचे काय करावे, हा प्रश्न त्या न्यायाधीशांपुरता नव्हता. दुसऱ्या समाजाचे जगाविषयीचे सत्य आपल्या सत्याशी जुळत नाही असे दिसले, की सुसंस्कृत माणूस त्याला ‘श्रद्धा’ हे नाव देतो, त्याविषयी आदर व्यक्त करतो, आणि त्या आदराच्या आडोशाने त्याच्या सत्यासत्यतेचा विचार टाळतो. परंतु तो वृद्ध साक्षीदार आपल्या श्रद्धेला संरक्षण मागायला आला नव्हता. तो घडलेली घटना सांगत होता. अरण्य सजीव आहे या विधानाचा अर्थ काय, ते खरे असणे म्हणजे काय, आणि खरे असल्यास मानणाऱ्याच्या माथी कोणते कर्तव्य येते, याचा विचार येथे करावयाचा आहे. चराचरात चैतन्य पाहण्याचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या समाजाला तर या प्रश्नाकडे पाठ फिरवणे मुळीच शोभणार नाही.

आंदीज पर्वताच्या पूर्वेकडील पायथ्याच्या टेकड्यांतून निघालेली बोबोनासा नदी वळणे घेत पास्तासाला मिळते, पास्तासा मारान्योनला, आणि ते पाणी अखेर अ‍ॅमेझॉनमध्ये जाते. या बोबोनासाच्या काठी किचवा भाषा बोलणाऱ्या रूना लोकांचे सारायाकू वसले आहे. न्यायालयाच्या निकालपत्रात या मुलखाची नोंद आहे, ती अशी की भूमी सुमारे १,३५,००० हेक्टर, माणसे सुमारे १,२००, आणि सर्वांत जवळचे शहर जे पुयो, तेथे पोहोचण्यास नदीने दोन-तीन दिवस व जमिनीवरून आठ दिवस लागतात. १९९२ साली अरण्यवासी लोक पुयोहून राजधानी कितोपर्यंत पायी चालत गेले, तेव्हा सरकारने या भूमीच्या सामूहिक मालकीची सनद दिली. परंतु भूगर्भातील संपत्ती सरकारचीच राहील, हे कलमही त्याच सनदेत होते. ज्यांच्या मते भूगर्भात वस्ती आहे, त्यांना भूपृष्ठ देऊन भूगर्भ स्वतःकडे राखणे, ही वरकरणी महसुली तरतूद दिसते. वस्तुतः जगाची रचना कशी आहे, याविषयी सरकारने केलेले ते एक तत्त्वज्ञानात्मक विधान होते, आणि पुढच्या साऱ्या कलहाचे बीज त्यात होते.

या गावाचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. घरातील माणसे चुलीभोवती बसून ग्वायूसा या झाडाच्या पानांचा काढा पितात आणि रात्री पडलेली स्वप्ने एकमेकांना सांगतात. शिकारीला जावे की न जावे, कोणत्या दिशेने जावे, याचा निर्णय पुष्कळदा त्या स्वप्नांच्या अर्थावर ठरतो. अरण्य तोडून केलेल्या लहानशा मळ्याला तेथे चाग्रा म्हणतात, आणि तो स्त्रियांच्या अखत्यारीत असतो. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, तो कसावा हे तेथील मुख्य अन्न. तो लावताना व खुरपताना त्या नुंगुली या भूमिदेवतेला उद्देशून गाणी म्हणतात, कारण कंदाला बाळसे देणारी तीच, आणि ज्या मातीची भांडी घडतात तिची स्वामिनीही तीच. कसावा उकडून, चावून, आंबवून स्त्रिया जी चिचा करतात, ती अन्नही असते आणि पेयही. पाहुण्यासमोर ती ज्या पातळ मातीच्या वाडग्यात येते, त्यावरील रेषा स्त्रीच्या केसांपासून केलेल्या कुंचल्याने काढलेल्या असतात. पुरुष जमीन साफ करतात, एका खोडातून होडी कोरतात, मासे व शिकार आणतात आणि ताडपत्रांनी घरे शाकारतात.

या चित्राला स्वर्गाचा रंग देणे हा त्या लोकांवर अन्यायच होईल. तेथे सर्पदंश झाला, प्रसूती अडली किंवा मुलाला ताप चढला, तर लहान विमान येण्याइतके आकाश निवळेल की नाही, यावर एखादा जीव टिकणे न टिकणे अवलंबून असते. २०२० च्या मार्च महिन्यात, महासाथीचे सावट जगावर पसरत होते त्याच दिवसांत, बोबोनासाला असा पूर आला की घरे, पूल आणि मळे वाहून गेले, आणि अन्नाची भ्रांत पडली. शिवाय हे लोक काळाच्या बाहेर राहिलेले आदिमानवही नव्हेत. डोमिनिकन पंथाचे मिशनरी या नदीच्या खोऱ्यात सतराव्या शतकात आले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराच्या व्यापाऱ्यांनी या अरण्यातील माणसे गुलामासारखी राबवली, आणि आजचा रूना समाज अनेक जमातींच्या मिश्रणातून घडला आहे. कॅथलिक संतांचे उत्सव आणि अरण्याचे स्वामी यांचा संसार तेथे एकाच अंगणात चालतो. त्यांचा विचार जुना आहे म्हणून आदरणीय, असे म्हणण्याचे कारण नाही. मिशनरी, व्यापारी आणि सरकार या तिघांशी झुंजत तो जिवंत राहिला आहे, म्हणून तो ऐकण्यासारखा आहे.

तो विचार थोडक्यात असा. अरण्याला अमासांगा नावाचा स्वामी आहे, जळाला सुंगी आहे, मळ्याला नुंगुली आहे. शिवाय विशिष्ट डोंगर, डोह, दलदल आणि वृक्ष यांनाही आपापले रहिवासी आहेत. शिकारी ज्याला वन्य प्राणी म्हणतो, तो त्या स्वामीच्या घरचे पाळीव जनावर असतो, आणि म्हणून मारणे ही मालकाकडून घेण्याची क्रिया ठरते. गरजेपेक्षा अधिक घेणाऱ्याला अरण्य शिकार देणे थांबवते, किंवा दुखणे पाठवते. ब्राझीलचे मानववंशशास्त्रज्ञ एदुआर्दो व्हिव्हेरोस द कास्त्रो यांनी अ‍ॅमेझॉनच्या अनेक समाजांतील या दृष्टीचे तात्त्विक सूत्र मांडले आहे. आधुनिक मन निसर्ग एक आणि संस्कृती अनेक असे मानते. या समाजांच्या मते माणूस, जग्वार आणि रानडुक्कर या सर्वांचे आत्मपण एकाच प्रकारचे, परंतु देह निराळे असल्यामुळे प्रत्येकाला दिसणारे जग निराळे. जग्वार स्वतःला माणूसच समजतो, आणि ज्याला आपण रक्त म्हणतो ती त्याच्या दृष्टीने चिचा असते. नापो नदीच्या खोऱ्यातील आविला गावच्या रूनांमध्ये राहिलेले एदुआर्दो कोन यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे, की अरण्यात झोपताना उताणे झोपावे असे त्यांना बजावण्यात आले होते. कारण जग्वार येऊन पाहील तेव्हा आपणही त्याच्याकडे पाहू शकणारे कोणी आहोत, हे त्याला कळले पाहिजे, एरवी तो आपल्याला केवळ मांस समजेल. पाहणारा आपण एकटाच नाही, आपणही पाहिले जात आहोत, ही जाणीव या धर्माचा गाभा आहे.

१९९६ साली इक्वेडोरच्या सरकारी तेलमंडळाने सारायाकूला न विचारता एका अर्जेंटिनी कंपनीशी तेलसंशोधनाचा करार केला. सुमारे २,००,००० हेक्टरांच्या त्या पट्ट्याचा जवळजवळ ६५ टक्के भाग सारायाकूच्या पूर्वापार वहिवाटीच्या भूमीत येत होता. कंपनीने वैद्यकीय मदत आणि पैसा देऊ केला. गावाने ते नाकारले. २००२ च्या अखेरीस आणि २००३ च्या आरंभी कामगार आणि त्यांच्या रक्षणासाठी सैनिक अरण्यात शिरले, हेलिकॉप्टरसाठी झाडे तोडली गेली, आणि भूकंपीय तपासणीसाठी १,४०० किलोंहून अधिक स्फोटके जमिनीत पुरली गेली. तेव्हा गावाने आपले नित्याचे व्यवहार थांबवले. बायामुले व वृद्ध यांसह लोक अरण्यात आपल्या हद्दीवर जाऊन तळ ठोकून राहिले, मळे ओस पडले, अन्न सरत आले, तरी ते हटले नाहीत. याच काळात एका याचाकाच्या देखरेखीखाली असलेला पवित्र वृक्ष पाडला गेला, आणि त्याबरोबर रोग बरे करण्याचे त्या याचाकाचे सामर्थ्य ओसरले, अशी गावाची तक्रार होती.

फिर्याद न्यायालयात पोहोचली. २१ एप्रिल २०१२ रोजी न्यायाधीशांचे एक पथक स्वतः सारायाकूत आले. कज्ज्याच्या जागी जाऊन पाहणी करण्याची ती त्या न्यायालयाच्या इतिहासातील पहिलीच वेळ होती. २७ जून २०१२ च्या निकालाने सरकारला दोषी ठरवले: गावाशी आधी विचारविनिमय केला नाही, सामूहिक मालकीचा व सांस्कृतिक अस्मितेचा हक्क मोडला, आणि स्फोटके पुरून लोकांचे जीवित धोक्यात घातले. नुकसानभरपाई, स्फोटके काढून टाकणे आणि जाहीर क्षमायाचना यांचे हुकूम झाले, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात मंत्र्यांनी गावात येऊन क्षमा मागितली. दुबळ्या माणसांच्या इतिहासात असे दिवस विरळा येतात, आणि या निकालाविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे.

तथापि त्या निकालात एक पोकळी राहिली, आणि ती न्यायाधीशांच्या बुद्धीची नसून आमच्या युगाच्या तत्त्वज्ञानाची आहे. वृक्ष पडल्याने सारायाकूच्या माणसांची हानी झाली, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु वृक्षाच्या रहिवाशाची काही हानी झाली काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येऊच शकत नव्हता. अरण्याचे स्वामी पळून गेले, हे साक्षीदाराचे कथन निकालपत्रात आले ते एका समाजाच्या अस्मितेचा पुरावा म्हणून. सारायाकूच्या लोकांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांनी ‘कावसाक साचा’, म्हणजे जिवंत अरण्य, या नावाची घोषणा तयार केली. २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी ती जगापुढे ठेवली, आणि २०१८ साली कितोत तिचा औपचारिक उच्चार केला. अरण्य हे बुद्धी आणि इच्छा असलेल्या सत्तांचे निवासस्थान आहे, त्या सत्तांशी आमचे व्यवहार आहेत, आणि हे वास्तव कायद्याने मान्य करावे, अशी ती मागणी आहे. आमच्या भावना जपा, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

हे वाचताच भारतीय वाचकाच्या मनात एक ओळखीची लहर उमटते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. त्यात वृक्षांना उष्णता जाणवते, मेघगर्जनेने त्यांची फळे गळतात, वेल आपला मार्ग शोधते, मुळे पाणी पितात, म्हणून वृक्ष जीवयुक्त आहेत असा युक्तिवाद भृगू करतो. जैन दर्शनाने तर पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि वनस्पती यांच्यात एकेंद्रिय जीव मानून आचाराचे फार सूक्ष्म शास्त्र उभारले. अद्वैताने त्याही पुढे जाऊन भेदच नाकारला. तेव्हा ‘हे आमच्या ऋषींनी पूर्वीच सांगितले आहे’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. कारण या समाधानात एक फार मोठा फरक दृष्टीआड होतो.

चैतन्य सर्वत्र आहे, हे विधान जितके व्यापक तितकेच ते आचरणाच्या दृष्टीने निरुपद्रवी होऊ शकते. जे सर्वत्र आहे, ते या विशिष्ट डोहात आहे म्हणून हा डोह आटवू नये, असे त्यातून निष्पन्न होत नाही. एका ठिकाणचे नष्ट झाले तरी परमतत्त्वाला बाधा येत नाही, असेही त्याच सिद्धान्तावरून म्हणता येते. रूनाचे विधान याच्या उलट आहे. त्याचे चैतन्य ठावठिकाण्याचे आहे. अमुक दलदलीत अमुक राहतो, त्याला विचारल्यावाचून तेथे पाऊल टाकता येत नाही. आणि तो निघून गेला, तर ती हानी दुसऱ्या कोठल्याही चैतन्याने भरून येत नाही. व्यापक सत्यापुढे आपण मान लववतो, पण स्थानबद्ध सत्य आपली वाट अडवून उभे राहते. आणि धर्माची खरी कसोटी, माझ्या मते, वाट अडली जाण्याच्या त्या क्षणी लागते.

ही दृष्टी आपल्याकडेही होती. मात्र ती दर्शनग्रंथांपेक्षा गावकुसाबाहेर अधिक जपली गेली. सह्याद्रीतील देवराईत पडलेली वाळकी काटकीही घरी नेऊ नये, असा दंडक गावोगावी होता. आणि एखादे झाड तोडण्याची निकड पडलीच, तर देवाला कौल लावून त्याने दिला तरच कुऱ्हाड उचलावी, ही रीत होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा सभोवतालचे जंगल उजाड होऊनही त्या राया उरल्या होत्या, हे प्रकाशात आले. त्यांना ब्रह्म सर्वव्यापी आहे या सिद्धान्ताने वाचवले नाही. ही राई अमुक देवीची आहे, या गावकऱ्यांच्या साध्या निश्चयाने वाचवले. आणि जेथे देवीच्या छोट्या देवळीच्या जागी मोठे मंदिर बांधण्यासाठी राईच तोडली गेली, तेथे व्यापक भक्तीने स्थानिक देवतेला तिच्याच घरातून बाहेर काढले, असे खेदाने म्हणावे लागते. २०१७ च्या मार्चमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना यांना कायदेशीर व्यक्तित्व बहाल केले, आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. नदीला व्यक्ती म्हणणे अवघड नाही. तिच्याकडून काही घेण्यापूर्वी तिला विचारणारी माणसे तिच्या काठी असणे, हे अवघड आहे.

या विचारावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की ज्या विचारात रोग हा कोणाच्या तरी कोपाचा परिणाम असतो, तेथे रोग्याच्या उशाशी संशयही येऊन बसतो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात जादूटोण्याच्या आरोपांवरून वैरे झाली आहेत आणि माणसे मारली गेली आहेत. हे खरे आहे, आणि या बाबतीत सूक्ष्मजंतू जाणणाऱ्या वैद्यकाचा अधिकार मी निःसंकोच श्रेष्ठ मानतो. परंतु यावरून एवढेच सिद्ध होते, की जगाला सजीव मानणाऱ्याने दोष कोणाच्या माथी मारावा याविषयी अत्यंत सावध असावे. जग निर्जीव आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. जगाला निर्जीव मानणाऱ्या संस्कृतीच्याही माथ्यावर मृतांची गणना कमी नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. १९७२ पासून मोठ्या प्रमाणावर तेलाची निर्यात करणाऱ्या इक्वेडोरसारख्या गरीब राष्ट्राच्या शाळा आणि रुग्णालये पुष्कळ अंशी त्याच उत्पन्नावर चालतात. मग बाराशे माणसांच्या अदृश्य शेजाऱ्यांसाठी शहरातील गरिबांच्या मुलांनी का सोसावे? शहरातील त्या मुलाचा हक्क मला पवित्र वाटतो, म्हणून या प्रश्नाला भावनेने उत्तर देता येत नाही. मात्र ज्या ईशान्य इक्वेडोरमधून अरण्यातील तेल प्रथम निघाले, तेथील नद्या व माती किती दूषित झाली आणि तेथील माणसे श्रीमंत झाली की नाही, हे जगाने पाहिले आहे. त्याच देशाने २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाचे हक्क मान्य केले, पण भूगर्भाची मालकी सरकारकडेच ठेवली. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये यासुनीच्या अरण्यातील एका पट्ट्याचे तेल जमिनीतच राहू द्यावे, असा कौल सुमारे ५९ टक्के मतदारांनी दिला. गरिबी आणि अरण्य यांतून एकाचीच निवड करावी लागेल, हे गृहीत धरण्याआधी ते गृहीत कोणी आपल्यापुढे ठेवले आणि त्यात कोणाचा लाभ आहे, हे विचारणे न्यायाचे होईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. जमिनीखाली गावे आहेत काय? ज्या अर्थाने पुयो शहर आहे, त्या अर्थाने ती आहेत असे मी म्हणू शकत नाही, कारण ते पाहण्याचे डोळे आणि ते पाहण्याची साधना माझ्यापाशी नाही. पण समोरच्या माणसाला आत्मा आहे, हे तरी मी कोणत्या प्रयोगाने जाणले? त्याला संबोधून बोललो, त्याचे उत्तर ऐकले, त्याची वस्तू घेण्यापूर्वी त्याला विचारले, त्याने नको म्हटल्यावर थांबलो. या व्यवहारातच त्याचे आत्मपण माझ्यापुरते सिद्ध झाले. ज्याला आपण कधीच विचारत नाही, त्याचा आत्मा आपल्याला कधीच दिसत नाही, मग तो गुलाम असो, परकी जमात असो की नदी असो. माणसाने माणसाला निर्जीव वस्तू मानल्याची उदाहरणे इतिहासात भरपूर आहेत, आणि प्रत्येक वेळी प्रथम विचारणे थांबले, मग आत्मा नाकारला गेला. म्हणून अरण्य सजीव आहे हे विधान खरे ठरण्याची रीत पुराव्याच्या आधी आचरणाची आहे. पिढ्यान्पिढ्या विचारून घेणाऱ्या समाजाला जे उत्तर ऐकू येते, ते कधीच न विचारणाऱ्याने खोटे ठरवावे, हा अधिकार त्याला पोहोचत नाही.

सारायाकूच्या निकालाने सरकारांवर माणसांना विचारण्याचे बंधन घातले, आणि हे मानवजातीचे खरेच पुढचे पाऊल आहे. पण ती माणसे सांगत आहेत, की आम्हीही शेवटचे मालक नव्हे. आमच्या संमतीच्या पलीकडे आणखी एक संमती आहे, आणि ती आम्हालाही मागावी लागते. आपल्या हक्कासाठी जिवावर उदार होऊन लढणाऱ्यांनी त्याच लढ्यात स्वतःच्या हक्काची हद्दही आखून दाखवावी, यापेक्षा उन्नत धर्मवृत्ती मला ठाऊक नाही. जो समाज सर्वांभूती एकच आत्मा आहे असे म्हणतो, त्याने आता प्रत्येक धरणाच्या, खाणीच्या आणि रस्त्याच्या आराखड्यापुढे उभे राहून सांगावे, की येथे आपण कोणाला विचारले, आणि त्याने नाही म्हटले असते तर आपण खरोखर थांबलो असतो काय. या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर जोवर आपल्यापाशी नाही, तोवर आपले अद्वैत केवळ वाणीपुरते आहे.